प्लगचा गॅप किती ठेवायचा: मॅन्युअलचा, खोक्यातला की गॅरेजवाल्याचा?

प्रश्न थोडक्यात असा: चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. मॅन्युअलमध्ये प्लगचा गॅप, म्हणजे स्पार्क प्लगचा मधला इलेक्ट्रोड आणि त्यावर वाकलेला बाजूचा इलेक्ट्रोड यांच्यातली ठिणगी उडते ती फट, १.० ते १.१ मिलिमीटर लिहिलाय. नवे प्लग आणून मोजले तर ०.८ भरले. गॅरेजमध्ये विचारलं तर सांगितलं, "०.७ ठेवा, स्पार्क जोरात पडतो." या तिघांतला कुठला आकडा धरायचा?

मॅन्युअलमधला. त्यातही १.० च्या बाजूचा, ते का ते पुढे येईलच. पण फीलर गेज (फट मोजायचं साधन) हातात घेण्याआधी एक शंका घ्या. मॅन्युअल १.१ सांगतंय आणि कोरा प्लग ०.८ भरतोय, याचा अर्थ बहुतेक वेळा प्लगच दुसरा आलाय. वाकवून १.१ करता येईल, पण आधी खोक्यावरचा नंबर वाचा.

एनजीके, डेन्सो, बॉश या प्लग बनवणाऱ्या कंपन्या. एनजीकेच्या नंबरात शेवटी डॅश देऊन येणारा आकडा म्हणजे गॅप. बीकेआर६ई-११ मधला ११ म्हणजे १.१ मिलिमीटर. डॅशनंतर ९ असेल तर ०.९, १३ असेल तर १.३. डॅशच नसेल तर तो प्लग साधारण ०.७-०.८ वर सेट करून येतो. म्हणजे बीकेआर६ई आणि बीकेआर६ई-११ यांचे आटे, लांबी, हीट रेंज सगळं सारखं. बाजूचा इलेक्ट्रोड किती वाकवलाय एवढाच फरक. दुकानात "सहा नंबरचा प्लग" म्हणून मागितला तर यातला कुठलाही हातात पडू शकतो, आणि तुमच्याकडे तेच झालेलं दिसतंय. डेन्सोच्या नंबरातही शेवटचे अंक पाहायचे: के२०पीआर-यू११ मधला ११ तसाच. बॉशच्या नंबरावरून मात्र गॅप आकड्यात सरळ वाचता येत नाही, त्यांचा तक्ता पाहावा लागतो.

नंबर वाचतच आहात तर त्यातली हीट रेंजही (प्लग स्वतःची उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते सांगणारा आकडा, बीकेआर६ई मधला ६) बघून घ्या, कारण कंपनी बदलताना इथे घोळ होतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होत जातो. बॉशमध्ये उलट, आकडा वाढला की गरम. एनजीकेच्या ६ ला डेन्सोचा २० आणि बॉशचा ७ साधारण जुळतो. हीट रेंज चुकली तर गॅप कितीही अचूक ठेवलात तरी एक तर प्लगवर काजळी धरेल नाही तर प्लग जास्त तापून नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून इंजिनात ठोके) सुरू होईल. गॅप वाकवून ती चूक दुरुस्त होत नाही.

आता मूळ मुद्दा. गॅप हा प्लगचा गुण नाही. तो त्या इंजिनाचा आणि त्याला लावलेल्या कॉइलचा, म्हणजे ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणाऱ्या भागाचा, हिशेब आहे. एकाच प्लगची बॉडी वेगवेगळ्या इंजिनांत बसते. प्लग बनवणारा जो गॅप सेट करून पाठवतो तो त्या नंबरच्या बहुतेक गिऱ्हाइकांसाठी बरा असतो. तुमचं इंजिन त्यात बसतंच असं नाही. इंजिन बनवणाऱ्याने मात्र कॉम्प्रेशन, मिश्रण, टायमिंग आणि कॉइल ही सगळी जुळणी चाचणीच्या बेंचवर तपासून आकडा ठरवलेला असतो. म्हणून शोधायचा तो त्याचा आकडा.

तो मिळतो कुठे? आधी गाडीबरोबर आलेली पुस्तिका, मागच्या बाजूला तांत्रिक माहितीचं पान असतं तिथे. नसेल तर सर्व्हिस मॅन्युअल. काही गाड्यांत बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर एमिशनचं स्टिकर असतं, त्यावरही प्लगचा नंबर आणि गॅप छापलेला सापडतो. हे तिन्ही हाती नसतील तर प्लग कंपनीचा कॅटलॉग, पण तो गाडीच्या नावाने न शोधता इंजिनाच्या कोडने शोधा. एकाच नावाच्या गाडीत दोन-तीन वेगळी इंजिनं असतात, टर्बो आणि बिनटर्बो असतात, मधल्या वर्षी इग्निशन बदललेली असते. नाव तेच, गॅप वेगळा. इतरांच्या गाडीत काय ठेवलंय ते विचारून ठरवणाऱ्यांची गडबड बहुधा इथेच होते.

आकडा इंचात मिळाला तर एक थाउ (इंचाचा हजारावा भाग) म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर. रोजच्या कामात लागणारे एवढेच: ०.०२८ इंच म्हणजे ०.७, ०.०३२ म्हणजे ०.८, ०.०३५ म्हणजे ०.९, ०.०४० म्हणजे १.०, ०.०४४ म्हणजे १.१. जुन्या इंग्रजी आणि अमेरिकी पुस्तकांत "चव्वेचाळीस" लिहिलेलं दिसलं तर ते थाउ असतात.

"०.७ ठेवा, स्पार्क जोरात पडतो" हा सल्ला कुठून आला तेही सांगतो, कारण तो अगदीच हवेतला नाही. पॉइंट आणि कंडेन्सरच्या (कॉइलचा करंट यांत्रिक स्विचने तोडण्याच्या) काळातल्या गाड्यांना ०.५ ते ०.७ हाच गॅप लागायचा. त्या कॉइलची ताकद बेताची, पॉइंट झिजत जाणार, आरपीएम वाढला की कॉइल भरायला वेळ कमी मिळणार; त्यामुळे गॅप लहान ठेवला तरच वरच्या आरपीएमला मिस, म्हणजे मिश्रण न पेटता जाणं, व्हायचं नाही. त्या काळात शिकलेल्या हाताला ०.७ म्हणजे सुरक्षित, आणि त्या गाड्यांसाठी ते बरोबरच होतं. पुढे ट्रान्झिस्टरवर चालणारं इग्निशन आलं, कॉइल ताकदवान झाल्या, आणि दुसरीकडे प्रदूषणाच्या नियमांमुळे मिश्रण पातळ करावं लागलं. मग गॅप वाढत गेला. सत्तरच्या दशकात जनरल मोटर्सच्या काही इंजिनांना तर ०.०६० इंच, म्हणजे दीड मिलिमीटर गॅप दिला होता. एवढा मोठा गॅप रोजच्या वापरात झेपत नाही हे लक्षात आल्यावर नंतर तो खाली आणला गेला. आजच्या बिनटर्बो पेट्रोल गाड्या बहुतेक ०.८ ते १.१ च्या दरम्यान असतात, टर्बो ०.६ ते ०.८ च्या आसपास. ही झाली ढोबळ पट्टी. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा यावरून ठरवायचा नाही. मिळालेला आकडा खुळचट तर नाही ना, एवढं तपासायला ती पुरते.

गॅप लहान केला की ठिणगी "जोरात" पडते असं दिसतं, कारण ती सहज पडते. पण इंजिनाला पडलेली ठिणगी दिसायला कशी आहे याच्याशी देणंघेणं नाही. त्याला हवा असतो पेटलेल्या मिश्रणाचा एक छोटा गोळा, जो स्वतःच्या उष्णतेवर वाढत जाईल. इलेक्ट्रोड हे थंड धातू आहेत. दोन इलेक्ट्रोडमधली फट अरुंद असली की हा गोळा जन्मतःच दोन्ही बाजूंनी धातूला चिकटलेला राहतो आणि धातू त्याची उष्णता ओढून घेतो. मिश्रण दाट आणि दाब भरपूर असेल तर तरीही तो जगतो. आयडलिंगला मात्र थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं आणि मागच्या स्ट्रोकचा जळका वायू त्यात मिसळलेला. अशा वेळी अरुंद गॅपमधला गोळा विझतो. गाडी उभी असताना हलके झटके देते, कधी नीट, कधी नाही. रस्त्यावर धावताना सगळं ठीक वाटतं, त्यामुळे गॅपवर संशयच जात नाही. १.१ च्या जागी ०.७ ठेवलेल्या गाडीची तक्रार बहुतेक अशीच असते: "सिग्नलला थरथरते, ईजीआर साफ केला, थ्रॉटल बॉडी साफ केली, तरी तेच." मायलेज वाढणं तर दूरच, हलक्या पायाने चालवताना पातळ मिश्रण नीट न पेटल्यामुळे ते घसरण्याचीच शक्यता जास्त.

मग गॅप वाढवत नेला तर गोळा मोठा, म्हणजे चांगलंच की! इथे दुसरी बाजू आडवी येते. फटीतून ठिणगी उडायला किती व्होल्ट लागतील हे फटीच्या रुंदीवर आणि तिथल्या वायूच्या दाटपणावर, म्हणजे दाब आणि तापमानावर ठरतं. हा संबंध जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख पाशेन याने १८८९ मध्ये मांडला, आणि प्लगच्या गॅपचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. मोकळ्या हवेत एक मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दाबलेलं मिश्रण त्यापेक्षा कितीतरी दाट, तिथे तेवढ्याच फटीला दहा-पंधरा हजार आणि भारात त्याहून जास्त व्होल्ट लागतात. पाय पूर्ण दाबलेला, गिअर वरचा, आरपीएम कमी, चढ: सिलिंडरमध्ये मिश्रण सगळ्यात जास्त भरतं ते अशा वेळी, आणि प्लगची मागणीही सगळ्यात जास्त तेव्हाच.

यावरून एक नेहमीची तपासणी किती कुचकामी आहे तेही कळेल. प्लग बाहेर काढून हेडवर टेकवायचा, स्टार्टर मारायचा, निळी ठिणगी दिसली की "प्लग ओके" म्हणायचं. मोकळ्या हवेत पडणारी ठिणगी दाबाखाली पडेलच याची काहीही खात्री नाही. शिवाय आजच्या कॉइलचा झटका भलताच बसतो आणि प्लगच्या मोकळ्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. ही तपासणी सोडून द्या.

गॅप मोठा असला की कॉइलचा ताण वाढतो. कॉइल काही पंचवीस, तीस, चाळीस हजार व्होल्ट सतत देत नसते. फटीतून ठिणगी उडेपर्यंत व्होल्टेज चढत जातं आणि उडाली की खाली येतं. फट रुंद असेल तर ते जास्त वर चढतं, आणि कॉइलमधल्या ठरावीक ऊर्जेतला मोठा वाटा ती पहिली उडी मारण्यातच जातो. उरलेल्यात ठिणगी टिकते कमी वेळ. आणि व्होल्टेज एवढं चढलं की त्याला फटीपेक्षा सोपा रस्ता सापडला तर ते तिकडून जातं: प्लगच्या चिनी मातीवरून बाहेरून घसरून, रबरी बूटमधून (प्लगवर बसणाऱ्या टोपीतून) हेडला, किंवा कॉइलच्या आतल्या आवरणाला भोक पाडून. प्लगच्या पांढऱ्या मातीवर उभी काळी रेघ आणि बूटमध्ये आतून तशीच जळकी रेघ दिसली तर हेच झालेलं आहे. अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही बदला. नुसता प्लग बदलला तर बूटमधली रेघ नव्या प्लगवर पुन्हा तोच रस्ता काढते.

म्हणजे लक्षणं अशी वाटली जातात: गॅप लहान असेल तर त्रास आयडलिंगला आणि हलक्या पायाला, मोठा असेल तर चढाला, ओव्हरटेक करताना, एसी लावून पिकअप घेताना. नेमका अशा भाराच्या वेळी चेक इंजिनचा दिवा लुकलुकला तर पाय काढा. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर इतका आहे की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन तिथे जळतंय, आणि तो वितळला तर प्लगचा खर्च अगदीच किरकोळ वाटेल.

तुम्हाला १.० च्या बाजूने राहा म्हणालो ते यासाठी की गॅप स्वतःहून कधी कमी होत नाही, वाढतच जातो. प्रत्येक ठिणगी दोन्ही इलेक्ट्रोडचा कणभर धातू उडवते. साध्या निकेल प्लगमध्ये हजार किलोमीटरला साधारण एक-दोन शतांश मिलिमीटर धरा. वीस हजार किलोमीटर झाले की १.१ चा प्लग १.३-१.४ कडे सरकलेला असतो, १.० चा १.२ च्या आसपास. मॅन्युअलने पट्टा दिला असेल तर खालचा आकडा पकडायचा. वरच्या बाजूची जागा झीज आपोआप भरून काढते.

आता मोजायचं कसं. नव्या प्लगला पात्यांचं फीलर गेज चालतं. जुन्या प्लगला तारेचं गेजच हवं, कारण झिजलेल्या बाजूच्या इलेक्ट्रोडला आतून खळगा पडलेला असतो. सपाट पातं त्या खळग्याच्या दोन कडांवर टेकतं आणि गॅप खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. गोल तार खळग्यात उतरते. नाण्यासारखं गोल, कडेने जाड होत जाणारं गेज सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात धोक्याचं. ते फिरवत फिरवत आत सारताना माणूस नकळत त्यानेच फट उचकटतो, आणि तो सगळा जोर मधल्या इलेक्ट्रोडवर आणि त्याच्या भोवतीच्या चिनी मातीच्या नाकावर येतो. मातीला केसाएवढी भेग गेली तरी ती बाहेरून दिसत नाही, पण भारात तिथूनच करंट गळतो.

पातं किंवा तार किंचित घासत, अडकल्यासारखी न होता निघाली की गॅप बरोबर. हाताच्या अंदाजावर विश्वास नसेल तर दोन पाती वापरा: १.० ठेवायचा असेल तर ०.९५ सहज गेलं पाहिजे आणि १.०५ गेलं नाही पाहिजे. वाकवायचा तो फक्त बाजूचा इलेक्ट्रोड. उघडायचा असेल तर गेजवर जो खाचेचा हूक असतो तो इलेक्ट्रोडच्या टोकाला अडकवून बाहेर ओढायचा, मधल्या इलेक्ट्रोडचा टेकू घेऊन पक्कड किंवा स्क्रू ड्रायव्हर कधीच घालायचा नाही. मिटवायचा असेल तर प्लग उलटा धरून इलेक्ट्रोडची पाठ लाकडाच्या ठोकळ्यावर हलके टेकवायची, थोडं थोडं, दर वेळी मोजत. जास्त मिटला म्हणून उघडला, जास्त उघडला म्हणून पुन्हा मिटवला, असं करत बसू नका; बुडाशी धातू थकतो. शेवटी प्लग उजेडासमोर आडवा धरून पाहा. मधल्या इलेक्ट्रोडचा माथा आणि बाजूच्या इलेक्ट्रोडचा तळ समांतर दिसले पाहिजेत. पाचरीसारखी फट दिसली तर गेज अरुंद बाजूचा गॅप सांगतंय आणि ठिणगीही त्या एकाच कोपऱ्यावर पडून तो भरभर खाणार.

प्लग जमिनीवर पडला तर मोजत बसू नका. गॅप पुन्हा सेट होईल, आतली माती तडकली असेल तर तिचं काही करता येत नाही.

इरिडियम आणि प्लॅटिनम प्लगचं वेगळं सांगायला हवं. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, इरिडियम २४४६ ला. इतका चिवट धातू असल्यामुळे इरिडियमचं टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतकं बारीक ठेवता येतं. साध्या निकेलचं अडीच मिलिमीटरच्या घरात असतं. बारीक टोकावर विद्युत क्षेत्र एकवटतं, त्याच गॅपला कमी व्होल्ट लागतात, आणि झीज इतकी कमी की साठ हजार ते एक लाख किलोमीटरपर्यंत चालतात. पण हेच टोक ठिसूळ असतं. त्याला गेज घासलं किंवा आडवा धक्का लागला की तुटून सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. त्यामुळे इरिडियममध्ये योग्य नंबरचा प्लग घ्यायचा, तारेने हळूच तपासायचा आणि बरोबर असेल तर हात लावायचा नाही. बदलायचाच झाला तर बाजूचा इलेक्ट्रोडच, आणि तोही मूळ सेटिंगपासून ०.२ मिलिमीटरच्या आत. तुमच्यासारखा ०.३ चा फरक असेल तर प्लग वाकवू नका, बदलून आणा. निकेल असेल तर ०.८ चा १.० करायला मला काही हरकत वाटत नाही, तरी दुकानदार परत घेत असेल तर -११ चाच आणावा. कारखान्यातून १.१ वर आलेल्या प्लगचा इलेक्ट्रोड जास्त समांतर असतो आणि तो १.० करायला हलकासा एक ठोका पुरतो.

दोन, तीन किंवा चार बाजूंचे इलेक्ट्रोड असलेले प्लग तर सेट करायचेच नसतात. त्यातली ठिणगी मधल्या इलेक्ट्रोडच्या कडेवरून बाजूला उडते, कधी मातीच्या पृष्ठभागावरून घसरत जाते. मापून आलेले असतात, तसेच बसवायचे.

जुना निकेल प्लग पॉलिश पेपरने घासून, गॅप पुन्हा सेट करून वापरला तर चालेल का, असंही नेहमी विचारतात. तात्पुरता, हो. पण गॅप जागेवर आला म्हणून प्लग नवा होत नाही. नव्या प्लगच्या कडा धारदार असतात आणि ठिणगीला धारदार कड आवडते. झिजून गोल झालेल्या कडेला त्याच गॅपला जास्त व्होल्ट लागतात. पॉलिश पेपरचे कण मातीच्या नाकाभोवतीच्या खोबणीत अडकतात ते वेगळंच. पॉइंटच्या काळात कानसीने इलेक्ट्रोड सपाट करून कडा परत काढायचे, त्यामागे हेच कारण होतं. इरिडियमला तर ब्रशही लावू नये.

जुने प्लग फेकण्याआधी मोजून मात्र ठेवा, आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लिहून. चारही सारखे वाढले असतील तर ती फक्त झीज. एकच जास्त खाल्लेला असेल तर त्या सिलिंडरकडे बघायला हवं. दोन प्लग बाजूच्या इलेक्ट्रोडकडून आणि दोन मधल्याकडून झिजलेले दिसले तर घाबरू नका. डिस्ट्रिब्यूटर (ठिणगी सिलिंडरांत वाटणारा भाग) नसलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत एक कॉइल दोन सिलिंडरना एकदम ठिणगी देते. एका प्लगमध्ये ती मधून बाजूला जाते आणि दुसऱ्यात बाजूकडून मध्ये. उलट्या दिशेच्या प्लगला व्होल्टही थोडे जास्त लागतात, कारण गरम मधल्या इलेक्ट्रोडमधून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, थंड बाजूच्यातून तितके नाही. अशा इंजिनाला दोन्ही इलेक्ट्रोडवर प्लॅटिनम असलेले प्लग का सांगतात ते यावरून कळेल.

मॅन्युअलचा आकडा सोडायची वेळ कधी येते? मला पटण्यासारखी कारणं दोनच. एक, टर्बोचा बूस्ट कारखान्याच्या सेटिंगपेक्षा वाढवलाय. दाब वाढला की पाशेनच्या हिशेबाने व्होल्टची मागणी वाढते. कॉइल तीच असेल तर गॅप ०.१ ने कमी करून भारात मिस थांबतो का पाहायचं, नाहीच थांबला तर आणखी ०.१. थांबला की तिथेच थांबायचं. दोन, गाडीला नंतर सीएनजी किंवा एलपीजी किट लावलंय. गॅसचं मिश्रण पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट मागतं, त्यामुळे पेट्रोलवर ठणठणीत चालणारी गाडी गॅसवर चढाला मिस मारते. किट बनवणाऱ्याने गॅप दिला असेल तर तो, नसेल तर पेट्रोलच्या आकड्यातून एक-दोन दशांश कमी. मात्र आधी प्लग नवे आणि बूट चांगले आहेत याची खात्री करा. गॅसवर मिस मारणाऱ्या कितीतरी गाड्या फक्त झिजलेले प्लग बदलून नीट होतात. कारखान्यातूनच गॅसवर आलेल्या गाडीत कंपनीने हा हिशेब केलेलाच असतो, तिथे काही बदलू नका. "मायलेजसाठी", "पिकअपसाठी" म्हणून आकडा बदलणं याला मी कारण मानत नाही.

बसवताना इंजिन थंड हवं. अॅल्युमिनियमच्या गरम हेडमधून प्लग काढला की आटे सोबत येण्याची भीती. काढण्याआधी प्लगच्या विहिरीत (तो बसतो त्या खोल खड्ड्यात) हवा मारून कचरा उडवा, नाहीतर तो सरळ सिलिंडरमध्ये पडतो. नवा प्लग सॉकेटमध्ये अडकवून नुसत्या हाताने, एक्स्टेन्शन बोटांत धरून फिरवत बसवा. सुरुवातीचे आटे जड लागले तर काढून पुन्हा लावा. हे करताना इलेक्ट्रोड विहिरीच्या भिंतीवर आपटला तर इतका वेळ सेट केलेला गॅप गेला, म्हणून प्लग वरून सोडून द्यायचा नाही. घट्ट करायला टॉर्क पाना असेल तर मॅन्युअलचा आकडा. साधारण १४ मिलिमीटर आट्याच्या वॉशरवाल्या प्लगला अॅल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०. पाना नसेल तर नवा वॉशर टेकल्यानंतर अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत थांबा. निमुळत्या सीटच्या, वॉशर नसलेल्या प्लगला फेऱ्याचा सोळावा भाग पुरतो, त्यांना अर्धा फेरा दिलात तर आटे तरी जातील नाहीतर प्लग पुढच्या वेळी निघणार नाही. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावायची गरज नाही. आजच्या प्लगवर मुलामा असतो, आणि ओल्या आट्यावर तोच टॉर्क दिला की प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो.

एवढं करूनही मिस राहिला तर गॅपशी खेळत बसू नका. स्कॅनर लावून कुठला सिलिंडर आहे ते पाहा. पी०३०२ म्हणजे दुसरा. त्याची कॉइल तिसऱ्यावर टाका आणि गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. तिथेच राहिला तर प्लगची अदलाबदल करून पाहा, तरीही दुसऱ्यावरच राहिला तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासा.